बाबांच्या थडग्यावर कुठलं नाव?

फ्योर्डच्या वरची दरी, गुरुवार

प्रिय गुनहिल्डताईस धाकट्या आस्लाकचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती उत्तम. पायमोजे कोरडे आहेत, हे तू विचारण्याआधीच सांगतो. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबांच्या थडग्यावर 'स्कोर्वे' कोरण्याआधी आपल्या कुळाचं मूळ पाहावं, म्हणून स्कोर्वेच्या शेतावर आलो. इथल्या म्हातारीला हसू आवरेना. "अहो मास्तर, इथं राहील तो स्कोर्वे! आमचा जावई गेल्या वर्षापर्यंत ल्यून्दे होता. तुमचे वडील चार वर्षं इथली जमीन कसायला होते. मालकानं ऐन हिवाळ्यात बाहेर काढलं, तेव्हा हेच नाव घेऊन बंदराकडे गेले."

म्हणजे ज्या कुलनामाचा तू आपल्या भावंडांत सर्वांत जास्त तोरा मिरवलास, ते एका जमिनीचं! चर्चच्या वहीत बाबा त्याआधी हाउगेन आहेत, त्याही आधी ट्वाइट; तीही शेतांचीच नावं. काल तिन्ही शेतांवर हिंडलो. कुठंही मला घटकाभर बसवलं नाही. ताई, आपण मुळात कुठले गं?

वहीत तिन्ही नोंदींत एवढंच कायम आहे: 'नील्सचा मुलगा टारयाई'. मला वाटतं, दगडावर तेवढंच असावं.

पाथरवट सोमवारी काम धरणार आहे, तेव्हा लगेच कळव. तुला स्कोर्वेच हवं असेल तर मी वाद घालणार नाही. पण ज्या शेतावरून त्यांना हाकललं, त्याचंच नाव त्यांच्या उरावर कायमचं ठेवायचं का, एवढं सांग.

तुझा,
अजून बूट न काढलेला
आस्लाक