अप्पांची गादी

बाळीवेस, सोलापूर
ता. १४ नोव्हेंबर १९७६

चिरंजीव गुरप्पास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. दिवाळी झाली, थंडी पडू लागली. तुझ्या वहिनीनं तुझ्या नावाच्या करंज्या डब्यात वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या शेवटी मीच खाल्ल्या. नातेपुत्याच्या गुरांच्या दवाखान्यात तुझं बस्तान बसलं असेल. कंपाउंडर झालास म्हणून भावाला दोन वर्षांत एक कार्ड टाकू नये असा काही सरकारी नियम आहे का? असो. मीही टाकलं नाही.

सर्व ठीक ही थाप आहे. श्रावणात अक्कलकोटहून तांग्यासाठी घोडी आणली. चांदणी नाव. (अक्कलकोटची एक गोष्ट सांगायची आहे, पण ती पुढे.) गरीब घोडी, स्टेशनवर इंजिनाची शिट्टी झाली तरी कान हलवत नाही. दसऱ्यापर्यंत अंग कसं आरशासारखं होतं. दसऱ्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पाठीवर आणि पोटाच्या पट्ट्याखाली चट्टे उठले. आधी बारीक फोड, मग खपली, आणि खपलीबरोबर केसांचा झुपकाच हातात येतो.

मग काय, सगळं सोलापूर डॉक्टर झालं. तांगा स्टँडवरचा एक म्हणाला घाम आहे, दुसरा म्हणाला उष्णता आहे, ताक पाज. पाजलं. तिथलाच एक म्हातारा चाचा म्हणाला, "खरूज है रे, ट्रक का जला तेल लगा." ते गंधक घालून चोळलं. घोडीची कातडी भाजली, ती मला लाथ मारायला शिकली, आणि चट्टे तेराचे एकोणीस झाले. घोड्यांचा व्यापारी येऊन बघून गेला, तो म्हणाला हिच्या पाठीवरचा केसांचा भोवराच अशुभ, रोग जायचा नाही, येत्या बुधवारी घेऊन जातो. आता स्टँडवरच्या हौदावर तिला कुणी पाणी पिऊ देत नाही. माझ्या तांग्याशेजारी कुणी तांगा लावत नाही. एवढं वैतागलोय की काल घोडीवरच ओरडलो. ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

तू म्हणशील, दवाखान्यात का नेलं नाही. सांगतो.

परवा सकाळी तुझी वहिनी घोडीला खरारा करत होती. मी असा चिडका, म्हणून हल्ली घोडीचं सगळं तीच बघते. तिची बाही वर सरकली आणि कोपराखाली गोल चट्टा दिसला. कडेनं लाल, मध्ये फिका, रुपयाएवढा. पंधरा दिवस लपवला होता. का, तर मला कळलं तर मी त्याच दिवशी घोडी विकीन. मी सवयीप्रमाणे आवाज चढवला. शरणम्मा खरारा खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, "भावजींनी दोन वर्सामागं सांगितलं व्हतं, रोग घोड्यात न्हाय, गादीत हाय. तुमी त्यांना मारलं. आता मला मारा, पर ती गादी बगा."

तुझी वहिनी एवढं एका दमात कधी बोलत नाही.

मी साजाखालची गादी घोडीच्या पाठीवर ठेवून बघितली. जिथे गादीची शिवण टेकते तिथेच पाठीवरचे चट्टे. बरोबर तिथेच आपल्या आधीच्या घोड्याला, तुफानलाही होते. (तुफान नाव ठेवलं अप्पांनी, आणि तो आयुष्यात कधी पळाला नाही.) तेव्हा तू काय म्हणाला होतास ते मला शब्द न् शब्द आठवतं. खांबाला अंग घासून घासून रक्त काढतं ती खरूज; हा खाजवत नाही, चट्टे गोल आहेत, केस मुळाशी मोडलेत, हे गजकर्ण. कडेचे केस काप, साबणानं धू, आयोडिन लाव, उन्हात बांध, खरारा वेगळा ठेव आणि गादी जाळ. बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं, गुरप्पा. गादी जाळ म्हणालास आणि माझा हात उठला. स्टँडवर, दहा माणसांत.

अप्पा मरायच्या आधी आठ दिवस चादरीचे तुकडे जोडून ती गादी शिवत बसले होते, ते तूही पाहिलंस. दर दसऱ्याला आपण तिला हळदकुंकू लावतो. आणि आपल्यात माणसाला मातीत ठेवतात, जाळत नाहीत. मला वाटलं, तू अप्पांनाच जाळायला निघालास. तू नातेपुत्याला गेलास आणि मी हट्टानं तुफानला पडेल भावात विकला. भाड्याच्या घोड्यावर दिवस काढले, त्याच्यावर मालकाचा साज, म्हणून गादी पेटीतच राहिली. ती या दसऱ्याला पूजेला काढली आणि चांदणीवर घातली.

आता अक्कलकोटचं. तिथल्या बाजारात तुफान दिसला. एका म्हाताऱ्याच्या तांग्याला. अंगावर एक डाग नाही. म्हाताऱ्याला विचारलं, काय औषध केलं? म्हणाला, "काही न्हाय की. उनात बांधला, नवी गादी घातली." तुफाननं माझ्या खिशात तोंड घातलं, गुळासाठी. मी तिथून पळालो.

तेव्हा, गुरप्पा, श्रावणातच मला कळलं होतं. कळूनही दसऱ्याला गादी घातली. तू खरा ठरू नयेस म्हणून. दवाखान्यात नेलं नाही तेही यासाठीच. पहिला प्रश्न गादीचाच येणार. माझ्या हट्टाची खाज त्या मुक्या जनावराला आणि तुझ्या वहिनीला.

आज पहाटे उठून गोठ्यामागे खड्डा खणला. गादी पुरावी, म्हणजे अप्पांना शोभेल असं वाटलं. मग आठवलं, हा रोग मातीतही जिवंत राहतो असं तूच म्हणाला होतास. त्याच खड्ड्यात रॉकेल ओतून जाळली. शरणम्मा रडली. मी राख होईपर्यंत उभा राहिलो. व्यापाऱ्याला बुधवारी परत पाठवणार आहे.

भाजलेल्या कातडीवर आयोडिन चालतं का ते मला माहीत नाही, आणि माझ्या हातावर घोडीचा आता विश्वास नाही. वहिनीच्या हातासाठी काय लावू तेही विचारायचं होतं. पण कार्डावर लिहून पाठवू नकोस. ये.

पत्राच्या शेवटी थोरल्यानं पुन्हा आशीर्वाद लिहायचा असतो. वर सवयीनं लिहून गेलो. आता माझा हात डोक्यावर घेशील की नाही हे तुला विचारल्याशिवाय लिहवत नाही.

तुझी वाट बघणारा,
रुद्रप्पा