अर्धा तास मागे

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा मागं! सकाळी काउंटरवरचा कॉम्प्युटर लावला तर त्यात आठ पंचवीस. मोबाइलमध्ये नऊला दोन कमी. रात्रभर बंद राहिला की कधी वीस मिनिटं खातो, कधी पाऊण तास. मग रोज हातानं लावायचं. डॉक्टरांना परत सांगितलं, आतला सेल गेलाय. "बघू हो सुरेखाबाई, काम चाललंय ना?"

ऑपरेशनच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंदच. मूल झालं की सिस्टर दारातून ओरडते आणि मी कॉम्प्युटरमध्ये बघून वेळ टाकते. तीच चिठ्ठीवर छापून येते. अख्ख्या मुकुंदवाडीच्या पत्रिका या डबड्याच्या भरवशावर!

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. पाय सुजलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

औरंगपुऱ्यातल्या सम्यकला फोन केला, कॉम्प्युटरवाल्या. "सेल बदलायला पाच मिनिटं लागतात मॅडम. पण आधी तुमच्या डॉक्टरांना हो म्हणू द्या." दोन महिने झाले त्या पाच मिनिटांना.

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवारीही मीच. संध्याकाळी दिपालीचं सिझेरियन झालं. मुलगी. चिठ्ठीवर सात अकरा.

नवरा राम, मेंढरांमागं फिरणारा माणूस. तीस तारखेला कळप घेऊन नगरकडं निघणार, ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. तो आत धावणार तेवढ्यात त्याच्या आईनं, दगडाबाईंनी, दंड धरला. "आधी येळ दावू गुरुजीला, मंग बघ तोंड." आजचा दिवस थांब म्हणाल्या. थांबला बिचारा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मूळ! सात अठ्ठावीसपर्यंत मूळ नक्षत्र होतं म्हणे. शांती होईपर्यंत बापानं पोरीचं तोंड पाहायचं नाही, आणि शांती सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे वीस डिसेंबरला. तोवर राम कुठच्या कुठं गेलेला असेल. पोरगी रांगायला लागल्यावर बघणार तो तिला.

मी दगडाबाईंना म्हटलं, मावशी, असं काही नसतं हो. त्या म्हणाल्या, "माझा येकच ल्योक हाय, बाई. काय झालं तर तुमी भरून देताल का?" राग करावा तर करवतही नाही. घाबरलेल्या आहेत.

दिपाली बाळाचं तोंड पदरानं झाकून बसते. टाके ओढत असतील, तरी कण्हत नाही. बोलतच नाही कुणाशी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टर बाळाला तपासायला नेत होती. राम बाकावरून उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाळ पुढं जाईपर्यंत. एवढा उंच माणूस!

मग माझ्याकडं आला. "बाई, तुमी पाह्यलं ना तिला? केस हायेत का?" खूप आहेत म्हणाले. "अन् नाक कोणावानी?" रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. मला रडू येत होतं, आणि समोर त्याच्याच बिलाचा कागद.

गारखेड्याला घरी आले. जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दगडाबाईंना बोलावून सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडतं, कुणालाही विचारा. रविवारी लावायचं राहून गेलं. अर्धा तास मागं होतं. मुलगी सात एक्केचाळीसला झाली.

"अन् हे आता सांगता व्हय!" सगळा वॉर्ड गोळा झाला. "लेकराच्या जल्माची येळ हाय, तुमाला काय वाटलं?" ऐकून घेतलं. मग तिथंच गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, मूळ सुटलेलं होतं, काही दोष नाही. दगडाबाई मटकन खाली बसल्या. आणि एकदम ओरडल्या, "राम्या, ये की रं!"

रामनं बेसिनवर दोनदा हात धुतले. बाळासमोर उभा राहिला, पण उचलेना. "कोकरं लई उचलली. हिला कुठून धरू?" दिपाली हसली! चार दिवसांत पहिल्यांदा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर भडकले. भडकणारच. "उद्या कुणी पोलिसात गेलं तर?" माफीनामा लिहून घेतला, माझ्या निष्काळजीपणामुळे वगैरे. अठरा वर्षांत पहिला. एक तारखेपासून काउंटर बंद, फाइलींच्या खोलीत बसायचं. चिठ्ठी मात्र बदलून दिली, सही केली.

वर दिवसभर फोन! "आमच्या नातवाची येळ तरी बरोबर हाय का?" नऊ जणांना तेच सांगितलं, बरोबर आहे, बाकी सगळं बरोबर आहे. एक जण शिव्या देऊन मोकळा झाला. घसा बसलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी सम्यक आला. रुपयाएवढा सेल! चार मिनिटांत बदलला. डॉक्टर बाजूला उभे राहून बघत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

कॉम्प्युटर आणि मोबाइल, मिनिटाचा फरक नाही. माझा काउंटरवरचा शेवटचा दिवस, आणि आज हे शहाणं झालं!

राम निघताना मुद्दाम भेटायला आला. खांद्यावर घोंगडी. दिपाली आणि बाळ परवाच घरी गेलीत. "रातभर मांडीवर घिऊन बसलो व्हतो," म्हणाला. मग हात जोडले. "बाई, तुमी चूक कबूल केली. नायतर कोण करतं!" मी नुसती मान हलवली. लवकर जा, उन्हं चढतील, एवढंच म्हणाले.

३ डिसेंबर, बुधवार

रविवारी, तेवीस तारखेला, घड्याळ बरोबर होतं. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मीच लावलं होतं, मोबाइल बघून. पोर सात अकरालाच झाली.