टोपलीमाथा राहिला आहे

मी, रुक्मा शिवलाल पटले, राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, वय चौसष्ट, धंदा शेती व घरकाम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी कागदावर दिले आहे, आणि ज्याला डॉक्टरांचे पटत नसेल त्याने माझ्यासमोर बसून थोडा वाद घालून पाहावा. हे लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आहे तो ‘जाऊ नको’ म्हणणाऱ्यांचा, आणि तो मी मानलेला नाही.

येत्या पौषात मी दरेकशाच्या रानात जाणार आहे. वनखात्याच्या कुट्यांमध्ये मुक्काम करत, एका कुटीतून दुसरीत, अशी शेवटच्या कुटीपर्यंत, आणि तिथून टोपलीमाथ्यावर. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितले आहे. तेव्हा परत येणे माझ्या हातात नाही हे धरून मिळकतीची व्यवस्था आधी लावते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

एक. दवनीवाड्याचे घर, मागच्या वाडीसह, माझा मुलगा तिलक याला मिळावे. तो नागपूरला असतो आणि घर विकेल हे मला ठाऊक आहे. विकावे. माझी हरकत नाही. मात्र विकण्याआधी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची गेरूने लिहिलेली डोंगरांची नावे पुसून टाकावी. नवीन घरमालकिणीने चुलीसमोर बसून आमची नावे वाचत राहावे असे मला वाटत नाही.

ही नावे कशी आली ते तिलकला नीट माहीत नाही, म्हणून लिहिते. त्याचे वडील, म्हणजे आमचे मालक, गोंदियाच्या राईस मिलमध्ये फिटर होते. मिलच्या छपरावर चढून काम करताना, पाऊस उघडला की त्यांना उगवतीकडे निळे डोंगर दिसायचे. त्यांची नावे काय, असे ते सगळ्यांना विचारायचे. कोणाला येत नव्हती. आम्ही धानवाले लोक, धानाच्या बांधीच्या धुऱ्याहून, म्हणजे शेताच्या बांधाहून, उंच काही चढायची आम्हाला गरज पडत नाही. मग हा माणूस दर रविवारी गाडीत बसून दरेकशाला जाऊ लागला. मला वाटले, बाई ठेवली. एका रविवारी मी न सांगता त्याच डब्यात जाऊन बसले. ते म्हणाले, “आता आलीच आहेस तं चाल.” त्या दिवशी मी पहिला डोंगर चढले. उतरताना माझे पाय लटलट कापत होते, आणि मी इतकी हसले की स्टेशनवरची माणसे बघायला लागली.

त्यानंतर त्यांनी भिंतीवर यादी केली. भुरा डोंगर, चिचमाथा, घोडापाठ, दोनबहिणी, असे करत शेवटचा टोपलीमाथा, पालथ्या टोपलीसारखा. दोघांनी वर जाऊन एकेक दगड रचायचा, तरच तो माथा झाला असे धरायचे. एकट्याने चढलेला मोजायचा नाही. हा नियम त्यांचा. एकदा मी मुलीच्या, भूमेश्वरीच्या, बाळंतपणासाठी देवरीला होते, तेव्हा ते एकटे चिचमाथ्यावर जाऊन आले. तो त्यांनी धरला नाही. पुढे मला घेऊन पुन्हा चढले.

दोन. मालकांची हत्यारे, पाने, पुली ओढायचा पुलर, हातोडे, सगळी पेटी माझी मुलगी भूमेश्वरी हिला. तिलकला पान्याचे नंबर कळत नाहीत, आणि भूमेश्वरी स्वतःच्या शेतातली मोटर स्वतः उघडते. जावईबापूंनी पेटीला हात लावू नये. पोस्टातली ठेव आणि माझ्या अंगावरचे सोनेही तिलाच.

तीन. माझ्या नावावरची बांधी दोघा भावंडांना निम्मी-निम्मी. या बांधीला लागून माझे दीर केशोराव यांची जमीन आहे. मधला धुरा त्यांच्या नांगराने दर वर्षी थोडा थोडा बारीक होत आला आहे. तो धुरा मी केशोरावांना पुरता देते. आता तरी कोरत बसू नये.

केशोराव मालकांच्या दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते, “बायको घेऊन डोंगर चढाले गेला. काय भेटला तिथी?” भाऊजी, उत्तर आता लिहिते. जे भेटले ते तुम्हाला आख्ख्या जन्मात कोणाबरोबर भेटले नाही. धुरा घ्या.

चार. या कलमात मिळकत नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असले लिहीत नाहीत. मी म्हटले, कागद माझा आहे.

सन २००५ च्या जानेवारीत, धान घरात आल्यावर, मालकांनी रजा काढली. यादीतले शेवटचे माथे एकाच फेरीत करायचे ठरले. रात्री कुट्यांमध्ये राहायची परवानगी काढली. वाट दाखवायला दरेकशाचे उदाराम मडावी आले. ते आमच्यासोबत पूर्वीही यायचे. पहिल्याच कुटीत शेकोटीपाशी त्यांनी सांगितले, “रानात नाव घेतल्याबिगर कोनी हाक मारली तं ओ द्याची नाही. मानूस असन तं नाव घेईन. नाव नाही घेतला, मंग ते मानूस नोहे.” मालकांनी मान डोलावली. लहानपणापासून आम्हीही हेच ऐकलेले.

एकेक माथा होत गेला. शेवटच्या कुटीत पोचलो तेव्हा मला ताप भरला. उदारामभाऊ औषध आणायला खाली दरेकशाला गेले. दुपारी मालक म्हणाले, “तू पडून राह्य. मी वरची वाट पाहून येतो. माथ्याले हात लावत नाही, तुयाबिगर कायले लावू? वापस येतोच.”

ते गेले आणि आभाळ खाली उतरले. पौषातला पाऊस, सोबत असे दाट धुके की कुटीचे कुंपण दिसेना. संध्याकाळ व्हायला आली तरी त्यांचा पत्ता नाही. मी घोंगडे पांघरून वाटेने जमेल तेवढी वर गेले आणि हाका मारू लागले.

“अजीऽऽ! आयकता का जी!”

मी त्यांना नावाने कशी हाक मारू? लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, त्याचे आयुष्य कमी होते म्हणतात. कागदावर लिहायला चालते, रेशनच्या दुकानात दुसऱ्याने सांगायला चालते. मी आयुष्यभर ‘अजी’ म्हटले आणि ते आयुष्यभर वळून पाहत आले. माझा गळा बसेपर्यंत मी ‘अजी’ म्हणत राहिले.

सकाळी उदारामभाऊ माणसे घेऊन आले. मालक माथ्यापासून थोडेच खाली एका कपारीत सापडले. पाय मोडला होता. अंग बर्फ झाले होते, पण बोलत होते. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाले, “कोनी बाई हाका मारत होती, रुक्मा. खालून. आवाज तुयावानीच होता. पर तुले तं ताप, तू कायले येशीन? अना नाव नाही घेतला तिनं. मी ओ नाही देली. आवाज खालून ये, मनून घसटत घसटत वर सरकलो.”

मी म्हणाले, “बरं केलं जी.”

जीप सालेकशाच्या दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

यात माझा गुन्हा आहे असे मी लिहीत नाही. मला शिकवले तसे मी वागले, त्यांना सांगितले तसे ते वागले. उदारामभाऊंनीही खोटे काही सांगितले नव्हते. आम्ही तिघेही शहाण्यासारखे वागलो आणि एक माणूस गेला. हे मला कोणावर टाकता येत नाही, म्हणून ते जात नाही.

पाच. आता मी का जाते आहे, ते मुलांसाठी.

तिन्हीसांजेला गल्लीत कुठलीही बाई नवऱ्याला ‘अजी’ म्हणाली की माझ्या हातातले भांडे पडते. तुम्हाला वाटते, म्हातारपण. तसे नाही. मला ती हाक माझ्याच आवाजात ऐकू येते, आणि त्यापुढे जी शांतता येते ती त्यांची. पलीकडे माणूस आहे, ऐकतो आहे, आणि तोंड दाबून बसला आहे, अशी ती शांतता आहे. तिच्यात मी इतकी वर्षे स्वयंपाक केला, लग्ने लावली, नातवंडे न्हाऊ घातली.

परवाच्या दिवाळीत उदारामभाऊ आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, “टोपलीमाथ्याकडं आता गुराखी जात नाहीत, बाई. पौस महिना आला का तिथी बाई हाका मारते मन्तेत. अजी, अजी करते. कोनी ओ देत नाही.”

सांगून झाल्यावर त्यांचे त्यांनाच कळले आणि त्यांनी डोळे खाली घातले.

ती बाई मीच. मी इथे दवनीवाड्यात धान निवडते, आणि तिकडे माझे भूत हिंडते. मेल्यावर भूत होणारे पुष्कळ ऐकले, जिवंतपणी झालेली मी एकटीच असेन. मला ते तिथे सोडून मरायचे नाही. मी वर जाणार, माझा दगड ठेवणार, त्यांच्या वाटचाही मीच ठेवणार, आणि त्यांना नावाने हाक मारणार. एकदा. त्यांनी आपल्याच बायकोला भूत समजून जीव सोडला आहे. ती बाई कोण होती हे त्यांना कळायला नको का?

आयुष्य कमी होते म्हणायला आता त्यांचे आयुष्यच उरलेले नाही. तरी नाव तोंडातून निघत नाही. विहिरीपाशी करून पाहिले, नहराच्या काठावर कोणी नसताना करून पाहिले. ओठापर्यंत येते आणि तिथेच थांबते. तिलक म्हणतो, “आई, मनातल्या मनात घे.” मनातल्या मनातली हाक डोंगरावर ऐकू जात नाही, बाळा.

सहा. मी परत आले नाही आणि तुम्ही शोधायला आलात, तर ‘आई’ म्हणून हाका मारू नका. काकू, बाई, आजी, काही नको. रुक्मा म्हणा. लाज वाटली तरी म्हणा. त्यांच्यामागे मला त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. कानांना सवय राहिली नसेल, म्हणून मोठ्याने म्हणा.

सात. टोपलीमाथा झाला हे उदारामभाऊंनी वरचे दोन दगड पाहून येऊन सांगितले तरच भिंतीवर त्या नावापुढे खूण करावी, आणि मग भिंत पुसावी. झाला नाही तर खूण न करता पुसावी. माझ्या मायेपोटी कोणी खोटी खूण करू नये. मालकांनी चिचमाथा धरला नव्हता.

आठ. उदारामभाऊंना मी काही ठेवू शकत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला तेच हवे आहेत. म्हणून मालकांचे लोकरी घोंगडे त्यांना आजच हातात देते. ते मृत्युपत्रात मोजू नये. भाऊ, तुम्ही माझ्या दारात आल्यावर अजूनही अंगणातच बसता. आत येऊन बसत जा.

नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भूमेश्वरीने करावी. तिलकने भांडू नये. दोघांनी भांडून घरातली भांडी वाटून घेतली तर मला वाईट वाटेल, हे लिहून ठेवते.

वरील मजकूर मी समजून-उमजून लिहिला आहे व खालील साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण : दवनीवाडा
दिनांक : १४ डिसेंबर २०१४

सही
रुक्मा शिवलाल पटले

साक्षीदार पहिला : उदाराम मडावी, राहणार दरेकसा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी : दुर्गेश्वरी टेंभरे, राहणार दवनीवाडा, शेजारीण. काकूंनी माझ्यासमोर सही केली हे खरे आहे. त्याआधी त्यांनी सगळा कागद आम्हाला वाचून दाखवला. तशी गरज नव्हती, पण त्यांनी हट्ट धरला. पहिली ओळ त्यांनी कितीदा तरी सुरू केली. “मी, रुक्मा” इथपर्यंत यायच्या आणि थांबायच्या. उदारामभाऊ म्हणाले, “राहू द्या बाई. लिवला हाये ना.” काकूंनी ऐकले नाही. शेवटी कागद मांडीवर ठेवून, डोळे मिटून त्या म्हणाल्या, “शिवलाल.” नुसते तेवढेच, पण पार गल्लीत ऐकू जाईल असे. मग त्या दाराकडे पाहत बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद उचलला आणि पुढचे सगळे न अडखळता वाचले.