नळी काढल्यावरचा पहिला घास

ती. आईस,
मान अजून वाकत नाही, म्हणून मनातूनच साष्टांग नमस्कार.

जबड्याच्या ऑपरेशननंतर नाकातून घातलेली जेवणाची नळी काल काढली. वजनही वाढतंय. बोलणं जरा बोबडं आहे, म्हणून फोनऐवजी पत्र. काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल कुस्करलेलं केळं तोंडानं खाल्लं. अर्धं पोटात, अर्धं शर्टावर, पण चव लागली गं! कुणी बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

तेव्हा तू आठवलीस. दात गेल्यापासून तूही सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात एकटीच जेवतेस. आम्हाला वाटायचं, तुला भूकच उशिरा लागते.

मी आलो की आपण दोघं सगळ्यांबरोबरच बसू. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल उठावं.

तुझा,
धाकटा