फटक्यांआधीची नाडीपरीक्षा

गुरुजी, कुवेतहून लिहितो आहे. हा देश कुठे आला असं विचाराल, तर नकाशावर बसऱ्याच्या जरा खाली बोट ठेवा. बसरा तुम्हाला ठाऊक आहे; तुमच्या पलटणीतले म्हातारे शिपाई पहिल्या महायुद्धात तिथली वाळू खाऊन आले होते. खरं तर तुम्हाला संस्कृतात लिहायला हवं. पण पोर्टा केबिन आणि फायर एक्स्टिंग्विशर यांना प्रतिशब्द शोधण्यात माझा अख्खा शुक्रवार गेला असता, आणि इथे सुटी तेवढीच असते. तेव्हा मराठी गोड मानून घ्या. मी कोण ते कळलं असेलच. तुमचा वैद्यराज. आता खरोखरच नर्स झालो आहे, रिग्गईत राहतो, डोक्यावर केस थोडे उरले आहेत आणि रघुवंशाचा दुसरा सर्ग त्याहून थोडा.

तुम्ही पलटणीत पंडित होता. शिपायांची लग्नं लावायची, शपथा द्यायच्या, मेलेल्यांचं पुढचं बघायचं. तिथून निवृत्त होऊन आमच्या शाळेत संस्कृतला आलात आणि येताना पलटणीचे नियम ट्रंकेत घालून आणलेत. बाकीचे मास्तर राग आला की मारत. तुम्हाला राग येतच नसे. शब्दरूप चुकलं की मुलगा पुढे बोलवायचा, त्याने दोन्ही तळहात उघडायचे, आणि छडी उचलण्याआधी तुम्ही पहिल्या बाकाकडे बघून म्हणायचात, "वैद्यराज, परीक्षा." वडिलांचं काढ्या-चूर्णांचं दुकान, एवढ्या पात्रतेवर मी उठायचो, मित्राचे तळहात दाबून बघायचो आणि सांगायचो, "चालेल." मग छडी. कधी कुणाला नखुरडं असे, कुणाचा हात विळ्याने कापलेला असे, मग मी म्हणायचो, "नाही चालणार." तुम्ही मान डोलवायचात. "बरा झाला की आण." वर्ग मला दयाळू समजायचा, मीही समजायचो.

तो समज एका मित्राच्या अंगठ्यावरच्या गळवाने घालवला. मी त्याला सोडवला. गळू बसलं, खपली धरली, पडली, आणि तुम्ही, ज्यांना अख्खा अमरकोश पाठ, ते त्याच्या दोन छड्या विसरणार थोडेच? नव्या कातडीवर त्या दोन छड्या बसल्या. मधल्या सुटीत त्याने मला गाठलं. "तुझ्यापेक्षा तो मारकुटा गणिताचा मास्तर परवडला रे! तेव्हाच दोन खाऊन मोकळा झालो असतो. आठ दिवस भाकरी गोड लागली नाही मला." मी रडवेला होऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही सुपारी कातरत बसला होता. त्या दिवशी तुम्ही मला इंग्रजी फौजेची गोष्ट सांगितलीत.

ती मला आजही समोर दिसते. मैदानात तीन बाजूंना सगळी पलटण उभी आहे. मधे भाल्यांची तिकाटी, तिला गोरा शिपाई उघड्या पाठीने बांधलेला. मारणारे म्हणजे पलटणीतले ढोलवाले, नऊ दोऱ्यांचा आसूड घेऊन. ढोलवाल्याने हात सैल सोडला, तर त्याच्या मागे उभा असलेला त्याचा नायक त्यालाच वेताने सडकतो. आणि बाजूला डॉक्टर. तो नसेल तर शिक्षा सुरू होत नाही. त्याने "बस" म्हटलं की आसूड थांबतो, माणसाला दवाखान्यात नेतात, पाठ भरून आणतात आणि उरलेले फटके मारायला पुन्हा बाहेर काढतात. मधे काही वर्षं अशीही होती म्हणालात, की आपल्या शिपायाला फटके माफ आणि गोऱ्याला चालू. मग कुणाला तरी ते बरं दिसलं नाही, आणि आपल्यालाही परत चालू झाले. "समता आली," म्हणालात तुम्ही, आणि सुपारी तोंडात टाकलीत. मग विचारलंत, "आता सांगा वैद्यराज, त्या डॉक्टराने माणूस वाचवला, की पुढच्या खेपेसाठी जपून ठेवला?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा "वैद्यराज, परीक्षा" म्हणालात आणि मी उठलो. मला संशय आहे गुरुजी, की उत्तर तुम्हालाही आलं नव्हतं. छडी तर तुमच्याच हातात होती. राग मानू नका. मेलेल्या माणसाची थट्टा करायला तेवढीच एक सोय असते, की तो परीक्षा घेऊ शकत नाही.

आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली असतील. कुवेतमध्ये जळालेलं सगळं पुन्हा उभं करायचं काम चाललेलं, आणि मी दक्षिणेकडे एका कंत्राटदाराच्या कामगार-कॅम्पवर नर्स. कॅम्प बॉस इंग्रज, फौजेतून सार्जंट म्हणून निवृत्त. माणूस वाईट नव्हता. रोज माझ्या केबिनमध्ये चहाला यायचा. फौजेचा इतिहास त्याला तोंडपाठ, फटक्यांसकट. डॉक्टरचं मीच त्याला आधी सांगितलं तर चाट पडला. "कुठे वाचलंस?" म्हटलं, माझ्या संस्कृतच्या गुरुजींनी सांगितलं. तो पोट धरून हसला.

शेजारच्या कॅम्पात एकाने खोलीत शेगडी पेटवली आणि अख्खी खोली जळाली. त्यानंतर आमच्याकडे खोलीत स्वयंपाक बंद. जो सापडेल त्याने गुरुवारी दुपारी अंगणात उन्हात उभं राहायचं, छातीशी आग विझवायचा लाल सिलिंडर धरून. बाकीच्यांनी तीन बाजूंना सावलीत उभं राहून बघायचं. पहिला माणूस चक्कर येऊन पडला. मग साहेबाने सुधारणा केली. उभं करण्याआधी नर्सने तपासायचं.

दुसरा सापडला तो मालवणकडचा एक वेल्डर. खोलीत बांगडे तळत होता. वास लपणार कसा? साहेब म्हणाला, "बघ रे, फिट आहे का." मी प्रेशर घेतलं. अगदी पुस्तकातल्यासारखं ठीक होतं. मी म्हणालो, "प्रेशर जास्त आहे, नाही चालणार." साहेबाने मान डोलवली. "ठीक. पुढच्या गुरुवारपर्यंत बरा कर त्याला."

मी प्रेशरचा पट्टा गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी वेल्डर केबिनमध्ये आला. "डाक्टरानू, माका काय झालाहा? मी बैलासारखो आसय. तुमी माका आजारी कित्याक पाडलास?"

"अरे, तुला उन्हातून वाचवला मी."

"वाचवल्यात खंय? ऊन काय, घोटभर पाणी पिलंय की गेला. आता साहेब म्हणतलो, ह्येका प्रेशर, ह्येका घराक धाडा. चेडवाचा लगीन ठरलाहा माझ्या. तुमचा प्रेशर माका नको!"

बरोबरच होतं त्याचं. आजारी माणसाला इथे कोण ठेवून घेतो? आठवडाभर तो झोपला नाही, आणि खरं सांगतो, बुधवारी तपासलं तर प्रेशर थोडं चढलेलं होतं. माझी विद्या अशी फळाला आली.

गुरुवारी पुन्हा तीच मांडणी. तीन बाजूंना माणसं, मधे वेल्डर, हातात सिलिंडर. साहेब म्हणतो, "फिट?" मी म्हणतो, "कामाला फिट आहे. तसं लिहून देतो. पण ह्यासाठी मी तपासणार नाही. ह्यालाही नाही, पुढच्यालाही नाही."

"तपासणं हे तुझं काम आहे."

"कामासाठी तपासणं माझं काम आहे, साहेब."

"तू तपासल्याशिवाय मी त्याला उभा करू शकत नाही."

"नियम तुमचाच आहे."

सावलीत कुणीतरी खोकलं. मग साहेबाने स्वतः पुढे होऊन वेल्डरच्या हातातला सिलिंडर घेतला, भिंतीला लावला आणि सगळ्यांना जेवायला जा म्हणाला. वेल्डरला घरी धाडलं नाही. साहेब मात्र चहाला यायचा थांबला, आणि थंडी सुरू होताना माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली. त्याचं कारण हेच, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

तुम्हाला हे कळवावं असं बरीच वर्षं मनात होतं. उत्तर आलं एकदाचं, उशिरा का होईना, असं. पण हे पत्र टपालात पडणारच नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. माझ्या जागी त्या कॅम्पवर दुसरा नर्स आला. पुढे वर्षभराने एका शुक्रवारी बनेद अल-गारला समुद्राच्या बाजूला वेल्डर भेटला. शेंगदाणे खात बसलो. तो म्हणाला, "डाक्टरानू, तुमी गेल्यार मागीर कॅम्पात..."

मी त्याला तिथेच तोडलं आणि विचारलं, पोरीचं लग्न कसं झालं. तो खुलला, मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं सांगत बसला, आणि दिवेलागणीला आपापल्या बसने गेलो. मी गेल्यावर मागीर कॅम्पात काय झालं, नव्या नर्सने गुरुवारी कुणाला तपासलं का, ते मी अजूनही कुणाला विचारलेलं नाही.