चाकांचा उडालेला रंग

इंदूर,
रविवार, १८ मे २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. फाडायचं असेल तर वाचून फाड. इकडे गुडघे सोडले तर मंजुळा मजेत आहे. प्रशिक मात्र माझ्यावर फुगून बसलाय. लेकाने हौसेने गाडीला नवी काळी अलॉय चाकं बसवली आणि बापाने त्यांचा रंग उडवला.

झालं असं, चारूच्या लग्नाला धुळ्याला यायचं म्हणून आदल्या दिवशी मी गाडी घासायला घेतली. महूच्या क्वार्टरमध्ये बाबांनी आपल्याला कसं वळण लावलं ते तुला माहीतच आहे. सायकलसुद्धा इन्स्पेक्शनला उभी असल्यासारखी चमकली पाहिजे! चाकांच्या आत करड्या पट्ट्या चिकटलेल्या दिसल्या. म्हटलं, दुकानवाल्याने स्टिकर तसेच सोडले, कामचोर कुठला! स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढल्या. डिंक इतका चिवट की खालचा रंगही पापुद्र्यांसारखा निघाला. मग वरून काळं बूटपॉलिश फासलं.

सकाळी निघालो. गावात काही नाही. हायवेला वेग घेतला आणि माझे हात थरथरायला लागले. मानपूर येईपर्यंत पार कोपरापर्यंत. मंजुळाला म्हटलं, गाडीत बिघाड आहे, आणि हळूहळू चालवत घरी परत आणली. तुलाही फोनवर तेच सांगितलं.

ताई, ती थाप होती. मला वाटलं, बाबांचा कंपवात माझ्यात उतरला.

मानपूरहून बस मिळत होती. मंजुळा म्हणतही होती. पण शेवटी शेवटी बाबांना तूच भरवायचीस. मांडवात मी चहाचा कप धरला असता तर तू लांबूनच ओळखलं असतंस, आणि ते तुझ्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत नव्हती. भाचीचं लग्न लागतंय आणि सख्खा मामा घरात कडी लावून बसलाय!

गाडीची किल्ली मी प्रशिकला देऊन टाकली. म्हटलं, आता डोळ्यांना झेपत नाही. पेपर हातात घेतला की बोटांकडेच बघत बसायचो, आणि बघत बसलं की बोटं हलतातच गं. मंजुळावर उगाच खेकसायचो. ती बिचारी म्हणायची, रिटायर माणसाला काम नाही म्हणून असं होतं.

गेल्या रविवारी प्रशिक गाडी घेऊन देवासला गेला. आला तो ओरडतच, "बाबा, स्टेअरिंग किती थरथरतंय! तुम्ही ही गाडी मानपूरपर्यंत नेलीत तरी कशी?" मी ताडकन उठलो. म्हटलं, परत बोल. तो परत बोलला. मी म्हटलं, अजून एकदा बोल.

बडा गणपतीजवळ परेशभियाचं टायरचं दुकान आहे. त्याने चाक काढलं, आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दादा, ये वजन किसने उखाड़े? पेंट भी साथ में ले गए!" अगं, त्या पट्ट्या म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून चिकटवलेली वजनं होती. ती निघाली की वेगात चाक थरथरतं आणि स्टेअरिंगही. प्रशिक रंगाचे टवके बघून हळहळत होता आणि मी तिथल्या स्टुलावर बसून हसत होतो. हसता हसता रडायलाच लागलो. परेशभिया घाबरला, म्हणे, "टेंशन मत लो दादा, पेंट हो जाएगा."

नवी वजनं बसवून मी स्वतः मानपूरपर्यंत गाडी नेली. हात जिथल्या तिथे! सगळं ऐकल्यावर मंजुळाने तरीही मला डॉक्टरकडे नेलंच. ते म्हणाले, हात ठणठणीत आहेत, मीठ कमी करा.

गंमत बघ, गाडी बिघडली म्हणून तुला खोटं सांगितलं आणि बिघडली होती ती गाडीच. पण चारूचा तो दिवस काही मला परत मिळायचा नाही, याचं फार वाईट वाटतं.

शनिवारी आम्ही येतोय, गाडी मीच चालवणार. पोटभर शिव्या दे. फक्त चहा कपातच दे, काठोकाठ भरून, आणि मी पिईन तेव्हा समोर बस.

तुझाच,
भाऊराव