आडेलिंडची पाने आणि फादर रुडिगरचे मौन

परमेश्वराला साक्षी ठेवून मी, हेलविग, पाव भाजणाऱ्या दिवंगत बेर्टोल्डची विधवा, राहणार वॉर्म्स, मासळीबाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी भरीला घातलेले नाही. राग मात्र आहे, आणि तो माझा स्वतःचा आहे.

एक. राहते घर व भट्टी नणंद मेत्सा हिला द्यावी. तिने मला तीस वर्षे टोमणे मारले, पण आजारपणात उशाशी तीच बसली.

दोन. माझी धाकटी बहीण आडेलिंड मठात जोगीण होती. तिला देव दिसे. दिसले ते ती मेणाच्या पाटीवर आपल्या बोलीत लिही. तिचे पापनिवेदन ऐकणारे फादर रुडिगर ते लॅटिनमध्ये उतरवत आणि लगेच अंगठ्याने मेण सपाट करत. आडेलिंड कच्च्या गुरूची चेली नव्हती. तेच शब्द ती आधी कागदावर उतरवी आणि मी मठात पाठवलेल्या पावाच्या रिकाम्या टोपलीत फडक्याखाली घालून मला परत पाठवी. अशी एकेचाळीस पाने माझ्या पेटीत आहेत.

तिने लिहिले आहे: "देव बाह्या सरसावून आला, बाईमाणसासारखा. मला मळले, बुक्क्या मारल्या, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. त्या अंधारात मी फुगले."

फादर भडकले. "देव काय भटारखान्यात राबतो होय गं?"

"मग रोजची भाकर मागता कुणाकडे, फादर?"

या एका उत्तरापायी त्यांनी वर्षभर तिला वेदीवरची पवित्र भाकर दिली नाही. त्याच वर्षी ती गेली. मठाच्या जाळीआडून मला म्हणाली, "ताई, भूक लागलीय गं." मी टोपलीभर पाव घेऊन उभी होते, आणि तिला हवी ती भाकर माझ्याकडे नव्हती. याची मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

फादरांनी लॅटिनमध्ये केलेल्या पुस्तकात बाई नाही, कणीक नाही. तिथे देव सोन्याच्या चिलखतातला सरदार आहे आणि आडेलिंड पानोपानी फादरांचे आभार मानते. माझे हे मृत्युपत्र लिहून घेणारा कारकून हाइमो यानेच मला त्या लॅटिनचा अर्थ सांगितला.

तीन. माझी कणीक मळायची काथवट फादर रुडिगर यांना द्यावी. देव कुठे राबतो ते बघावे.

चार. नदीकाठचा द्राक्षमळा आडेलिंडच्या मठाला, एका अटीवर. दरवर्षी आडेलिंडच्या पुण्यतिथीच्या जेवणात तिची पाने मोठ्याने वाचावीत, आपल्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फादर त्या दिवशी मानाच्या जागी बसतातच. फुकटची वाइन सोडणारे ते नव्हेत. मेजावर वाचन चालू असताना कोणी अवाक्षर काढायचे नाही, हा मठाचा नियम. वाचनात हसली म्हणून त्यांनीच आडेलिंडला महिनाभर जमिनीवर जेवायला बसवले होते.

ते मध्ये बोलले किंवा उठून गेले, तर मळा त्याच दिवशी नदीपलीकडच्या मठाला जाईल. आडेलिंडच्या मठाच्या प्रमुख मदर इर्मेंगार्ट यांना त्या मळ्याची वाइन फार आवडते. फादरांचे तोंड बंद ठेवायला त्या समर्थ आहेत.

पाच. माझ्या दफनाला फादरांनी येऊ नये. पुण्यतिथीच्या जेवणाला जरूर यावे.

साक्षीदार: हाइमो, कारकून. एबरविन, पिठाच्या गिरणीचा मालक.

हेलविग हिच्या हातची सही

वॉर्म्स, संत लूसियाच्या सणाचा आदला दिवस, सन १२९४